कौले परतायची राहिली

18 मे 2025
समोरच्या माडीच्या घरातले आबा मुंबईहून आलेत. पडवीत खुर्ची टाकून दिवसभर फोन चालू. घर सामायिक, वारस सात, इथे राहणारा एकही नाही. गिऱ्हाईक मात्र तयार. संध्याकाळी हाक मारून विचारले, "जुन्या घरांचो कायतरी कायदो आसा म्हणतत. तो आडवो येतलो काय रे?" पाहून सांगतो म्हटले. उभा जन्म लोकांचे नकाशे मंजुरीला नेण्यात गेला, म्हणून आळीला वाटते मला सगळे कायदे तोंडपाठ.

20 मे
नाही येत आडवा. आबांना तसे सांगितले, आणि सांगताना बरे वाटले नाही.
राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा 1960 चा. तो वेंगुर्ल्याच्या डच वखारीसारख्या घोषित स्मारकाला लागू, शेजारच्या माडीला नाही. केंद्राच्या स्मारकांभोवती 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत परवानगीने, हे 2010 च्या दुरुस्तीचे; आपल्या जिल्ह्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्गाला ते लागते. राहत्या जुन्या घरांचा विचार पहिल्यांदा झाला तो मुंबईत. एप्रिल 1995 च्या नियमावलीत सहाशेहून अधिक वास्तूंची यादी आली, तीन श्रेण्या ठरल्या, समिती नेमली गेली. क्रॉफर्ड मार्केट त्यात पहिल्या श्रेणीत. आमच्या वेंगुर्ल्यालाही त्याच नावाचे मार्केट आहे, पण नाव सारखे असून श्रेणी मिळत नाही.
2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत छोट्या शहरांनाही अशी यादी करायची वाट ठेवली आहे. वाट आहे, पण यादीत आल्याशिवाय घराला तिचा उपयोग नाही. यादीबाहेरच्या घरासाठी कागदावर एकच विशेषण तयार असते: धोकादायक.

22 मे
दोन दिवस धो धो. कौले परतायला गडी येणार होते, आले नाहीत. माझ्याही घराची राहिली.

25 मे
हवामान खात्याने जाहीर केले, मोसमी पाऊस देवगडपर्यंत आला. मे संपायच्या आत! दरवर्षी जूनचा पहिला आठवडा धरून सगळे शाकारणी उरकतात. यंदा निम्म्या गावाची छपरे तशीच.
आबांकडे एक मुकादम बसला होता. घर बघून म्हणाला, "पाडूक परवानगी कित्याक व्हयी? दोन पावस कौलां परतू नकात. घर आपसूक खाली बसतला." आबा हसले. मी चहा अर्धा ठेवून उठलो.
माणूस बोलला ते खोटे नाही, म्हणून राग जास्त. एक कौल सरकले की पाणी वाशावर, वाशावरून भिंतीच्या डोक्यावर. जुनी भिंत चिऱ्याची, पण सांधे मातीचे. माती धुपली की चिरे सुटतात, भिंतीला पोट येते, आणि मग इंजिनिअर येऊन जे लिहायचे ते लिहितो. पाडायला परवानगी लागते, पडू द्यायला लागत नाही. यादीतल्या घरालाही हे चुकत नाही. मुंबईत वारसा यादीतले वॉटसन हॉटेल, म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन, असेच खचत गेले; 2019 मध्ये रहिवाशांना बाहेर काढावे लागले.

8 जून
भाचीकडे पणजीला. मळा वस्तीतून फोंतेन्हासला चालत गेलो. हा भाग संवर्धनक्षेत्रात. पिवळी, निळी, तांबडी घरे, खाली कॅफे. आपल्याकडे असे झाले तर मासळीवाली कुठे बसेल, हा प्रश्न आलाच मनात. पोर्तुगीज अमलात दर पावसाळ्यानंतर घर रंगवावेच लागे, असे तिथले जुने लोक सांगतात. मला हे आवडले. पाडू नका म्हणणारे नियम पुष्कळ. दरवर्षी शिडी लावा म्हणणारा हा एकच ऐकला.

22 जून
उघडीप. वखारीपर्यंत गेलो. 1637 मध्ये योहान फान ट्विस्ट विजापूरला गेला, आदिलशाहीकडून परवानगी मिळवून डचांनी इथे ठाण मांडले. गोव्याची पोर्तुगीजांची नाकेबंदी करायची तर हेच बंदर जवळ. आज वखार राज्य संरक्षित. छप्पर नाही. भिंतीच्या माथ्यावर पिंपळ, त्याची मुळे चिऱ्यांच्या सांध्यांतून खिडकीपर्यंत उतरलेली. एका ठिकाणी मुळाने चिरा चांगला चार बोटे पुढे ढकलला आहे. भिंतीला हात लावला, तर बोटांना तांबडा चिखल. जांभ्यावर छप्पर नसले की इतकेच.
म्हणजे संरक्षण मिळालेली वास्तूही पावसापुढे उघडीच. आबांच्या घराला मी यादी मागतो आहे ती कशासाठी, हे आधी नीट ठरवायला हवे.

12 जुलै
काल रात्री युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग त्यात आले. बाजारात पेढे. मीही दोन खाल्ले. मालवणातल्या आतेभावाचा फोन, आता किल्ल्यासमोरच्या घरांचे काय होणार म्हणून. 2012 मध्ये मुंबईची वाढीव वारसा यादी निघाली तेव्हा दादरच्या शिवाजी पार्कवालेही याच धास्तीने उठले होते. त्यांना हसणारे पुष्कळ होते. मला शिवाजी पार्कवाले चूक वाटत नाहीत: घर माझे, कौले माझ्या पैशाने, आणि नाही म्हणायचा हक्क तेवढा दुसऱ्याचा. मुंबईत निदान बांधू न दिलेल्या मजल्यांचे हस्तांतरणीय विकास हक्क विकता येतात. वेंगुर्ल्यात ते घेणार कोण?

19 जुलै
अर्ज लिहिला. आळीतल्या जुन्या घरांची यादी करावी. मात्र यादीतल्या घराला कौले, वासे, रिपा बदलायला कुणाची परवानगी लागू नये, घरपट्टीत सूट मिळावी आणि गड्यांच्या मजुरीला हातभार लागावा. शेवटचे कलम लोकांना सगळ्यात पसंत पडले. चार सह्या मिळाल्या.
आबांना मुंबईला अर्जाचा फोटो पाठवला. त्यांनी सही करायला नकार दिला. सात वारसांत एकट्याने कशी करू म्हणाले. तासाभराने ताडपत्रीचे पैसे आले, खाली लिहिले होते: "माडयेपुरतीच घाल."