कोपऱ्यातली पाकळी

माझ्याकडे एक जुना कार्ट्रिज पेपर आहे. कडा पिवळ्या पडल्यात, मधोमध घडीची रेघ उमटलीय. त्यावर चौकटीत बसवलेलं कपाशीचं एक फूल आहे. ज्यांनी ते माझ्याकडून रंगवून घेतलं, त्या सरांचं ऋण आज लिहून ठेवतो.

गंगापूरच्या आमच्या शाळेतून त्या वर्षी इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला आम्ही सातच जण बसलो होतो. आमची जमीन कोरडवाहू, पाऊस हुलकावणी देत होता. परीक्षेची फी सरांनी भरली, रंगपेटीही तेच घेऊन आले. माझ्या वडिलांना, अण्णांना मात्र त्यांनी सांगितलं, "शाळेकडून मिळालं." खरं काय ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

श्रावणात ते आम्हाला एसटीनं अजिंठ्याला घेऊन गेले. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात उभं करून म्हणाले, "आता वर बघा रे." छतभर कमळं, कळ्या, वेली, फळं आणि हंसांची माळ. मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी. दीड हजार वर्षं टिकलेली ती फुलं. "एकसारखी दोन कमळं शोधून दाखवा," सर म्हणाले. मान अवघडेपर्यंत शोधलं. आम्हाला सापडली नाहीत.

परतीच्या गाडीत त्यांनी झेरॉक्सची एक फाइल उघडली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स 1872 ते 1885 या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह या लेण्यांतली चित्रं उतरवत होते. लंडनला गेलेल्या त्या प्रतींपैकी कितीतरी 1885च्या आगीत जळाल्या. पुढे त्या कामाचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला; फाइलमधली छतावरच्या नक्षीची पानं त्यातलीच. "ही पोरं तुमच्याहून थोडीच मोठी असतील," सर म्हणाले. "त्यांनी उतरवलं म्हणून आज तुमच्या मांडीवर हे पान आहे."

त्या झेरॉक्सवरून मी आठ दिवस खपून एक कमळ चौकटीसकट हुबेहूब उतरवलं. सरांनी ते बराच वेळ पाहिलं.

"हात चांगला आहे. तुझ्या वावरात काय फुलतं?"

"कपाशी, सर."

"मग चौकट तीच ठेव, आत कपाशी बसव. उद्या फूल घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तांब्यात पाणी घालून फूल नेलं. पिवळसर, मऊ, खाली दातेरी हिरवी पानं. निम्मं रंगवून झालं आणि शाळा बंद व्हायची वेळ झाली. सकाळी येऊन बघतो तर फूल गुलाबी! कपाशीचं फूल रंग बदलतं हे मला जन्मापासून माहीत, पण चित्र काढायला बसेपर्यंत ते कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. मी रडकुंडीला आलो. दुसरं पिवळं फूल आणतो म्हणालो.

"कशाला? दोन्ही रंग काढ. त्यानं दोन दिवस दिलेत तुला."

माझ्या पाकळ्या मात्र सुट्या, ताठ दिसत होत्या. सरांनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक पाकळी काढून दाखवली: कड मुरडलेली, शेजारणीवर किंचित चढलेली. मुलांच्या कागदावर ते कधी हात चालवत नसत. तेवढा एकदाच.

पुढे कला महाविद्यालयात व्हॅन गॉगची सूर्यफुलं शिकलो. 1888 मध्ये मित्र पॉल गोगँ राहायला येणार म्हणून त्याची खोली सजवायला व्हॅन गॉगनं ती रंगवली होती. दोघांचं बिनसलं, 1890 मध्ये व्हॅन गॉग गेला. पुढे गोगँ दूर ताहिती बेटावर राहायला गेला. तिथं त्यानं फ्रान्सहून सूर्यफुलांचं बी मागवलं, अंगणात पेरलं आणि 1901 मध्ये त्या फुलांची चित्रं काढली. ती फुलं त्यानं खुर्चीवर, टोपलीत मांडली होती. मित्राचं चित्र त्यानं उतरवलं नाही. मित्राचं फूल आपल्या मातीत लावलं. हे वाचताना मला सर आठवले. पैठणीच्या काठावर विणलेलं अजिंठ्याचं कमळ दिसलं तरी तेच आठवतात. जुन्या चित्राचं देणं असंच फेडायचं असतं, हे त्यांनी मला व्याख्यान न देता शिकवलं.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. फीचे पैसे परत करायचे राहून गेले. ते घेतलेही नसते त्यांनी. आता मीही मुलांना शिकवतो आणि दर पावसाळ्यात तांब्यात कपाशीचं फूल ठेवून दोन दिवस त्यांना त्याच्यासमोर बसवतो.

तो कार्ट्रिज पेपर मी प्रदर्शनात लावतो, पण विकत नाही. चित्र पूर्ण झाल्यावर पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या असतात. कोपऱ्यातली ती पाकळी मी खोडलेली नाही.