अकरा आठवड्यांचं ‘सेव्ह करा’

‘अजाइल’ म्हणजे चपळ. आमच्या ऑफिसात मात्र हा शब्द निघाला की सगळे आधी कॅलेंडर उघडतात. सकाळी पंधरा मिनिटांचं स्टँडअप, दोन आठवड्यांचा स्प्रिंट, शेवटी रेट्रो, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. मी नवी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत डिझायनर आहे आणि राहते कासूला. पेण आणि नागोठण्याच्या मधलं हे स्टेशन. दिवा-रोहा गाडी थांबते, कोकणात जाणाऱ्या बहुतेक गाड्या शिट्टी मारून निघून जातात. त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, बाकी घरून.

आमच्या टीमकडे टेक्निशियन लोकांचं अ‍ॅप होतं. घरोघरी जायचं, मशीन दुरुस्त करायचं, फोटो काढायचा, फॉर्म सबमिट करायचा. सबमिट झालं तरच व्हिजिट मोजली जाते, आणि व्हिजिट मोजली तरच पैसे. आमच्या पट्ट्यातून सारखे अर्धवट फॉर्म दिसायचे. मीटिंगमध्ये निदान झालं, ‘यूजरला ट्रेनिंग हवं.’

शेजारच्या वाडीतला एक दादा हेच अ‍ॅप वापरतो. एक दिवस त्याच्या बाईकवर मागे बसून फिरले. तिसऱ्या घरी त्याने फोन माझ्यासमोर धरला. “ताई, फॉर्म मी भरतो गं. डोंगराच्या कडेला आलं की रेंज जाते नि सगळं कोरं होतं. संध्याकाळी हायवेला येऊन परत भरतो. पण फोटो परत कुठून आणू?”

उपाय सोपा होता. रेंज नसेल तर फॉर्म फोनमध्येच ठेवायचा, रेंज आली की आपोआप पाठवायचा. डेव्हलपर म्हणाला, दोन दिवसांचं काम. लागले अकरा आठवडे. ग्राहकाच्या घराचा फोटो फोनमध्ये राहणार म्हणून सिक्युरिटी, सिक्युरिटीने विचारलं म्हणून लीगल, मग बाहेरचा व्हेंडर. बटणावर ‘जतन करा’ लिहायचं की ‘सेव्ह करा’, यावर ब्रँड टीमची वेगळी बैठक झाली. (‘सेव्ह करा’ जिंकलं. मला बरं वाटलं.) या अकरा आठवड्यांत आमचं एकही स्टँडअप चुकलं नाही, आणि दादाच्या व्हिजिट बुडतच राहिल्या.

2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटामध्ये 17 जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. तो एका पानात मावतो. त्यात चिठ्ठ्यांचा रंग नाही, स्टँडअपही नाही. प्रक्रियेपेक्षा माणसं महत्त्वाची आणि ठरलेल्या प्लॅनपेक्षा बदलाला साथ देणं महत्त्वाचं, असा त्याचा रोख आहे. मोठ्या कंपन्यांनी त्यातून नेमकी प्रक्रियाच उचलली. ती उचलायला सोपी असते, कोणाच्या हातातला अधिकार सोडावा लागत नाही.

आपल्याकडे वेगळं घडल्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉइसचं ‘छोटूकूल’. शंभर वर्षं जुनी, कुलपं-कपाटं-फ्रिज बनवणारी अवाढव्य कंपनी. गावातल्या माणसासाठी स्वस्त फ्रिज हवा होता. मोठ्याचाच छोटा करून विकता आला असता. पण टीम लोकांच्या घरात गेली. वीज बेभरवशाची, जागा कमी, ठेवायचं काय तर थोडं दूध, भाजी, पाणी. 2008 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, सहाशेहून जास्त बायकांना जमवून नमुने दाखवले, मतं घेतली. त्यातून आली वरून उघडणारी, आठ किलोच्या आतली पेटी. कॉम्प्रेसर नाही, बॅटरीवरही चालते. पुढे गावात ती अपेक्षेएवढी खपली नाही, म्हणून शहरी गिऱ्हाइकाकडे वळवली. मला हा भागही तितकाच महत्त्वाचा वाटतो. अंदाज चुकल्यावर रस्ता बदलायची मुभा त्या टीमकडे होती.

पेणच्या गणपती कारखान्यांत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते. मातीच्या मूळ मूर्तीत सोंडेचा बाक बदलणं दहा मिनिटांचं काम. साचा पडून शंभर मूर्ती निघाल्या की तोच बदल महागात जातो. सॉफ्टवेअर तर कायमच ओली माती. साचा आम्ही सह्यांनी पाडतो.

आमच्याकडे फरक पडला तो सिक्युरिटीतले एक सर कासूला आल्यावर. मी आग्रहच धरला होता. ते दिवसभर दादाबरोबर फिरले, एक फॉर्म स्वतः भरला, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत कोरा झाला. काही बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांचाच मेल आला: जो बदल एका दिवसात मागे घेता येतो आणि ग्राहकाची नवी माहिती मागत नाही, त्याला आमची आगाऊ मंजुरी नको, नंतर कळवा. चार ओळींचा मेल. सहा महिन्यांत आम्ही त्याच्या जोरावर बरेच छोटे बदल केले. दोन फसले आणि त्याच दिवशी मागे घेतले. त्यावर कोणी बोलावून झापलं नाही, ही मोठी गोष्ट. अप्रेझलमध्ये अजूनही किती स्क्रीन बनवल्या तेच मोजतात. तिथे काही हललेलं नाही.

आता वरून निरोप आलाय की हे ‘मॉडेल’ सगळ्या विभागांत न्यायचं, चाळीस स्लाइडचं ट्रेनिंग मी बनवायचं. मी कळवलंय, स्लाइड करते, पण प्रत्येक विभागप्रमुखाचा पहिला दिवस बाईकच्या मागच्या सीटवर. मेल वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही. दादाने मात्र विचारून ठेवलंय, साहेब लोक येणार असतील तर जास्तीचं हेल्मेट कोण देणार?