उशाशी

जोयडा तालुक्यातील आमचे दिग्गी हे गाव सह्याद्रीच्या रानात, गोव्याच्या सीमेलगत वसलेले आहे. काळी नदीचा उगम याच परिसरातला. पावसाळ्यात ओहोळ भरले की धडधाकट माणसालाही येथून बाहेर पडणे कठीण. मग अंथरुणाला खिळलेल्याची कथा काय! अशा गावी आमच्या सौ.ने आयुष्याचे शेवटचे महिने काढले. त्या दिवसांत आम्हांला जे कळले, आणि जे उशिरा कळले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

तिला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. तो ध्यानात आला तेव्हाच पोटात पसरलेला होता. बेळगावी उपचार झाले, काही काळ उतारही पडला. पुढे पोटात पाणी भरू लागले. सुईने ते काढले म्हणजे श्वास मोकळा होई, पण थोड्याच दिवसांत पोट पुन्हा फुगे. वेदनेसाठी डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या व बजावले, ‘दुखण्याची वाट पाहू नका. दर चार तासांनी घड्याळ पाहून द्या; सोबत पोट साफ होण्याचे औषधही चुकवू नका.’ मॉर्फिन अफूपासून काढतात, एवढेच आमच्या ध्यानात राहिले. सवय लागेल, शुद्ध हरपेल, या भयाने आम्ही ती गोळी होता होईतो टाळीत असू. ती दात आवळून पडून राही, आणि आम्ही तिच्या सोशिकपणाचे कौतुक करीत असू!

श्रावणात पावसाने थोडी उघडीप दिली, तशी आम्ही कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेला नवस बोलायला निघालो. घरी भावजय होती. गोळ्यांचे तिला सांगून ठेवले होते, पण त्यांचे भयही आम्हीच तिच्या मनात घातलेले. तिने एकही गोळी दिली नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी परतलो, तो सौ. उशी दातांत धरून पडलेली. आम्ही प्रसादाची फुले पुढे केली. ती कपाळाला लावून ती म्हणाली, ‘देवीक सगळें कळटा. तुमी मात हांगा बसात.’

त्या रात्री शारदादेवींची कथा आठवली. रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला, आणि १८८५ च्या डिसेंबरात त्यांना कलकत्त्याजवळ काशीपूरच्या उद्यानगृहात आणले. गिळणे अवघड झालेल्या पतीसाठी शारदादेवी पातळ अन्न शिजवीत. मध्येच त्या तारकेश्वराच्या शिवमंदिरात अन्नपाणी सोडून धरणे धरून बसल्या. दोन दिवसांनी मनात वैराग्य उपजले, आणि परत येऊन त्या पुन्हा त्याच सेवेला लागल्या. १६ ऑगस्ट १८८६ रोजी परमहंसांनी देह ठेवला. ही कथा आम्ही प्रवचनांत ऐकली होती; तीतला परत येण्याचा भाग मात्र कानांवरून गेला होता.

तेव्हापासून घड्याळ उशाशी आले. गोळी वेळेवर जाऊ लागली. पहिले दोन दिवस गुंगी राहिली. मग वेदना ओसरली आणि पातोळ्यांसाठी हळदीची पाने आणलीत का, अशी ती चौकशी करू लागली! पाठीशी उशा रचून उंच बसविले म्हणजे धाप कमी होई. ओठ कोरडे पडले की ओल्या कापसाने टिपावे, ठराविक वेळाने कूस बदलावी, हे आम्ही शिकलो. पेज ती दोन चमचे घेई. तिसऱ्याचा आग्रह आम्ही सोडला. अशा आजारात शरीरच अन्न नाकारते. त्यात वाढणाऱ्या हाताचा दोष नसतो.

अशा रुग्णांच्या वेदनाशमनासाठी वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन निघाले. देशातील या प्रकारची ती पहिली संस्था. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे दुष्कर झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सुकर केली. परंतु गोळी घरात येऊनही घरच्यांचे भय गेले नाही, तर ती डबीतच राहते.

देवीकडचे आमचे मागणेही बदलले. ‘बरी कर’ हे शब्द मागे पडले. ‘आजची रात्र तिला नीज येऊ दे’ एवढेच उरले. तुळशीचे लग्न आटोपल्यावर चौथ्या दिवशी पहाटे, आम्ही उशाशी असताना, ती शांतपणे गेली. पुढे कवळ्याला जाऊन देवीपुढे हात जोडले, तेव्हा मागण्यासारखे काही राहिले नव्हते. श्रावणातले ते दोन दिवस मात्र आजही आठवतात.