बिनकामाचे रविवार

आमच्या घरात बाहेर पडायला कारण लागतं. लग्न, मय्यत, दवाखाना, फार तर मिरजेचा उरूस. यातलं काही नसताना कुणी चपला घालायला लागलं की अम्मी दारातच विचारते, “कायकू? कौन गुजरा क्या?” ती थट्टा करत नसते. माणूस बिनकामाचा घराबाहेर पडतो, हे तिच्या हिशोबात बसतच नाही. माझे अब्बा लोणंदच्या कांदा बाजारात हमाल होते. त्यांचं सगळं हिंडणं पाठीवर पोतं घेऊन झालं. सुट्टीच्या दिवशी घरात आडवं पडणं हीच त्यांची सहल होती.

मी त्याच बाजारात एका अडतीवर दिवाणजी आहे. पोती उचलत नाही, पोत्यांचा हिशोब लिहितो. दसरा जवळ आला की हळवा कांदा यायला लागतो आणि मग आम्हाला मान वर करायला फुरसत मिळत नाही. 2023 साली मात्र पावसानं दगा दिला. देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट त्या वर्षी गेला. आमच्या भागात लागणी लांबल्या, काहींनी कांदा केलाच नाही. त्यात 19 ऑगस्टला केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. आवक कमी म्हणजे काम कमी, आणि काम कमी म्हणजे दिवाळीच्या बोनसचं काही खरं नाही. हातात पैसा नाही, पण रविवार मोकळे, असा तो ऑक्टोबर होता.

मी म्हटलं, हिंडून येऊ. बायको गप्प झाली. तिच्या माहेरी बोअरची मोटर अर्ध्या तासात हवा ओढायला लागली होती. “तिकडं भाऊ पाण्यासाठी वणवण करतोय आणि आपण डबे भरून निघायचं?” ती म्हणाली. प्रश्न रास्त होता. पण आपण घरी बसल्यानं तिकडच्या बोअरला पाणी वाढणार नव्हतं. मुलगी नववीत होती, पुढच्या वर्षी दहावी म्हणजे घराला टाळंच. अम्मीचे गुडघे जिन्याची एकेक पायरी मोजून चढू लागले होते. पुढच्या वर्षी पाऊस येईल, कांदा येईल. हे दोघींचं वय मात्र पुन्हा येणार नव्हतं.

आम्हाला खरा हात दिला तो एसटीनं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. अम्मी फुकट, बायको आणि मुलगी अर्ध्यात, नऊ वर्षांचा मुलगाही अर्ध्यात. पाच माणसांत पूर्ण तिकीट माझं एकट्याचं. कंडक्टरनं अम्मीचं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं, तेव्हा तिनं ते दोन्ही बाजूंनी निरखलं आणि बटव्यात ठेवलं. सरकारनं आपल्याला फिरायला सांगितलंय, असा तिनं त्याचा अर्थ घेतला असावा. त्यानंतर “कायकू” कमी झालं.

पण पहिला रविवार रेल्वेचा. पॅसेंजरनं लोणंदहून वाठार स्टेशनला जायचं, चहा प्यायचा आणि सालपे घाटातून एसटीनं परत यायचं. वाठारला आमचं कुणीही नाही. सालपे सोडलं की गाडी डोंगराला धरून वळणं घेत आदर्कीकडं चढते. आपलेच पुढचे डबे आपल्याला खिडकीतून दिसतात. मुलानं ते मोजायला घेतले, आणि बोगदा आला की मोजणी पहिल्यापासून. अम्मी मीरासाहेबांच्या उरसाला याच मार्गानं कितीदा मिरजेला गेली असेल, पण नेहमी रात्रीच्या गाडीनं, मांडीवर एक पोर आणि पायाशी गाठोडं घेऊन. घाट तिनं कधी पाहिलाच नव्हता. “इतना ऊपर चढती थी क्या गाडी?” एवढंच म्हणाली. मग वाठार येईपर्यंत खिडकी कुणाला दिली नाही.

पुढच्या रविवारी वाई. खरं तर मुलीला कासची फुलं बघायची होती, पण तिथलं तिकीट, गाडीभाडं आणि गर्दी यांची बेरीज मी वहीत मांडली आणि वही मिटली. खंबाटकी घाटात रस्त्याकडेला पिवळी सोनकी तुरळक दिसत होती. पाऊस नसलेल्या वर्षी तेवढी फुलली हेच पुष्कळ. वाईहून वडापनं मेणवलीला गेलो. “इथं झिरो तिकीट नाही का?” अम्मीनं वडापवाल्याला विचारलं. तो हसला आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि घाटावर एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या वेळी तिथल्या चर्चमधून आलेली. मुलगा म्हणाला, “म्हणजे ती पण तिच्या गावाहून आली.” मुलीला घंटेपेक्षा ‘स्वदेस’ चित्रपटाचं चित्रीकरण इथं झालं होतं, याचं जास्त कौतुक. अम्मी आणि बायको कृष्णेत पाय सोडून बसल्या. भाकरी, ठेचा आणि उकडलेली अंडी खाऊन झाल्यावर कुणीही उठायचं नाव घेईना. काय बोलत होत्या ते मी विचारलं नाही. सासू-सुना घराबाहेर, भांड्यांच्या आवाजाशिवाय बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाविसाव्या तारखेच्या रविवारी कुठंच गेलो नाही. नीरेच्या बाजारातून आणलेली सीताफळं तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवली होती, ती त्या दिवशी एकदम पिकली. दुपारभर पाचही जण ओसरीवर बसून बिया थुंकत होतो. कुणाच्या बिया जास्त, यावर भांडण. बाहेर ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं.

28 तारखेला कोजागरी आली आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. शेजारच्या काकूंची पंचाईत झाली. दूध आटवायचं कधी आणि प्यायचं कधी? शेवटी वेध लागायच्या आत, भर दुपारी, त्यांनी केशर घातलेलं दूध घरोघर वाटून टाकलं. उन्हात कोजागरी साजरी करणारी आमची गल्ली एकटीच असेल. रात्री एकनंतर ग्रहण लागलं तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. चंद्राचा जेमतेम एक कोपरा काळवंडला, शेजारी गुरू ठसठशीत चमकत होता. मुलगा निराश झाला. त्याला वाटलं होतं, चंद्र पुरता जाईल. अम्मी गुडघ्यावर हात ठेवत गच्चीपर्यंत चढून आली, चंद्र पाहिला आणि ग्रहणाची नमाज पढायला खाली गेली. काकूही त्यांच्या गच्चीवर जाग्या होत्या. “दिसला का गं?” त्यांनी आमच्या मुलीला हाक मारून विचारलं.

31 ऑक्टोबरला राज्य सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात वाई होतं आणि आमचं खंडाळाही. ज्या घाटावर आम्ही पाय सोडून बसलो तोही तालुका दुष्काळी आणि ज्या ओसरीवर सीताफळं खाल्ली तोही. बायकोनं बातमी वाचली आणि माहेरी फोन लावला. भाऊ म्हणाला, टँकरसाठी अर्ज दिलाय. मग त्यानंच विचारलं, “अम्मींना घाट दाखवला म्हणे?” तो हसत होता. दुष्काळातल्या माणसाला आपल्या हिंडण्याचा राग येईल अशी धास्ती बायकोच्या मनात महिनाभर होती, ती त्या फोनवर उतरली.

नोव्हेंबरात थोडाफार हळवा कांदा येईल असं बाजारात बोलत होते. तो आला की माझे रविवार जाणार, हिशोबाच्या वह्या घरी येणार. तरी कांदा यावा, भरपूर यावा, अशीच दुआ मी रोज मागत होतो. रविवारांचं पुढं बघता येईल. अम्मीच्या बटव्यात शून्य रुपयांची तिकिटं साठत चालली आहेत, आणि फलटणला कसं जातात, हे तिनं परवा मुलाला विचारलं.