धुळीच्या शहरात गाडी धुताना

दिल्ली परिसरातली गाडी जन्मभरात सर्वांत जास्त ओरखडे खाते ते रोज पहाटेच्या फडक्याखाली. रिंग रोडच्या गर्दीत लागलेलं, पार्किंगमध्ये घासलेलं लगेच डोळ्यांत भरतं आणि त्याचा विमाही मिळतो. फडक्याचे ओरखडे मात्र केसाहून बारीक असतात आणि हजारोंनी पडतात. काळी किंवा गडद निळी गाडी घेऊन दोन वर्षं झाली असतील तर ती भर उन्हात उभी करून बघा. बॉनेटवरच्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना गेलेले असतात. प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात.

माझी उमेदीची वर्षं गाड्यांच्या रंगकामात गेली, आधी चिंचवडला आणि मग मानेसरला. आता गुरुग्राममध्ये गाड्यांच्या रंगाची निगा राखणं हाच माझा व्यवसाय आहे. घरी फेस मारायचं यंत्र घ्यावं का, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. घ्यावं, पण कशासाठी ते नीट समजून घ्यावं. फेसाचं खरं काम आहे ते हाताचं घासणं कमी करण्याचं. गाडीला हात लागण्याआधी जितकी धूळ निघून जाईल तितका रंग जास्त वर्षं टिकतो.

गाडीचा रंग म्हणजे चार थर. पत्र्यालगत गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. चमक त्याचीच, आणि ऊन-पाऊस सोसणाराही तोच. ओरखडे घालवायला मशिनने पॉलिश करतात तेव्हा याच थरातले एकदोन मायक्रॉन, कधी जास्तही, खरवडले जातात. दर दिवाळीला पॉलिश करून घेणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण गेलेला क्लिअर कोट पुन्हा येत नाही. पुढे छतावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडले की रंगकाम करण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता धूळ. मे-जूनमध्ये राजस्थानकडून आंधी येते तेव्हा तासाभरात गाडीचा रंग ओळखू येत नाही. एरवी बांधकामांची धूळ, सिमेंट, टायरची झीज आणि धूर आहेच. बॉनेटवरची चिमूटभर धूळ भिंगाखाली धरली की त्यात काचेसारखे, धारदार कडांचे पारदर्शक कण लुकलुकताना दिसतात. ते क्वार्ट्झ. मोहसच्या कठीणतेच्या मापावर त्याचा क्रमांक 7 लागतो, खिडकीच्या काचेचा साडेपाचच्या आसपास. क्लिअर कोट तर शेवटी प्लॅस्टिकच्या जातीचा. अशा कणांवर कोरडं फडकं दाबून फिरवणं म्हणजे रंगावर सँडपेपर चालवणंच आहे. कोकणात किंवा पुण्यात चार महिने पाऊस गाडी धुऊन काढतो. इथे सप्टेंबरअखेर पाऊस सरला की पुढचे आठ-नऊ महिने कोरडेच जातात.

फेस इथे उपयोगी पडतो. पाण्याला पृष्ठताण असतो, म्हणून नुसतं पाणी धुळकट पत्र्यावर थेंब होऊन बसतं, कणांच्या खाली शिरत नाही. शाम्पूतले घटक तो ताण निम्म्याहून खाली आणतात. मग पाणी कणाच्या बुडाशी शिरतं, कण सुटा होतो, त्याच्याभोवती निसरडा थर बसतो. एवढं पातळ शाम्पूच्या पाण्यानेही झालं असतं. फेसाची कमाई वेळेची आहे. दारासारख्या उभ्या पत्र्यावरून पाणी क्षणात निथळून जातं, फेस मात्र तीनचार मिनिटं रेंगाळतो आणि तेवढा वेळ पत्रा भिजलेला ठेवतो. दाराकडे नीट बघत राहिलात तर फेस वरून पांढरा आणि खाली सरकताना करडा होत जातो. दाराच्या खालच्या कडेला त्याची मातकट झालर साठते आणि फरशीवर तपकिरी थेंब पडायला लागतात. तो प्रत्येक थेंब हात न लावता गेलेली धूळ आहे.

म्हणूनच दाढीच्या साबणासारखा घट्ट, जागच्या जागी थिजलेला फेस मला पसंत नाही. व्हिडिओत तो छान दिसतो, पण जो फेस खाली सरकत नाही तो धूळही खाली नेत नाही. थोडा ओलसर, हळूहळू ओघळणारा फेस जास्त काम करतो.

यंत्राचं म्हणाल तर घरगुती प्रेशर वॉशरला जोडायची फोम लान्स ही साधी वस्तू आहे. पाणी अरुंद छिद्रातून वेगाने जातं, तिथे दाब उतरतो आणि बाटलीतला शाम्पू व बाहेरची हवा आपोआप ओढली जाते. व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञाने 1797 मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच. पुढे तारेची बारीक जाळी असते, तिच्यात पाणी, हवा आणि शाम्पू घुसळून फेस होतो. लहान घरगुती यंत्रांना 1.1 मिलिमीटरच्या छिद्राचा नोझल बरा पडतो, मोठा बसवला की फेस पाणचट येतो. बाजारातली बहुतेक यंत्रं 100 ते 130 बारची असतात. त्या आकड्यांच्या मागे लागू नका. रंगाला तेवढ्या दाबाची गरज नसते, आणि नोझल वीतभर अंतरावर आणलात तर रंगाची सुटत आलेली कड उखडू शकते. विजेचं यंत्र ओल्या फरशीवर चालवताना अर्थिंग आणि ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) ठीक आहेत ना, हे मात्र आधी तपासा.

दिल्लीत या यंत्राची खरी कसोटी पाण्याशी असते. गुरुग्राम-नोएडाच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे काही महिन्यांत लान्सची जाळी पांढरी पडते आणि फेस पातळ होतो. लोक शाम्पू बदलतात, यंत्राला दोष देतात. जाळी काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवली की ती बहुतेक वेळा पूर्ववत होते. नळाला दाब नसेल तर यंत्राची नळी आधी पाण्याने पूर्ण भरून बादलीत सोडावी. आत हवा राहिली तर यंत्र नुसतं घरघरतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, ज्यांच्या पार्किंगमध्ये ना नळ ना प्लग, मी हाताने हवा भरायचा दोन लिटरचा फोम स्प्रेअर घ्यायला सांगतो. हजार-दोन हजारांत येतो, दोन लिटरमध्ये मध्यम आकाराची गाडी भिजते. फेस लान्सइतका दाट येत नाही, पण वर सांगितलेलं सगळं काम करतो.

धुण्याची रीत अशी. सकाळी लवकर, सावलीत, बॉनेट हाताला गार लागल्यावरच सुरुवात. चाकं आधी, कारण तिथली काळी घाण शेवटी धुतली तर धुतलेल्या दारांवर उडते. मग कोरड्या गाडीवरच फेस मारावा, खालून वर. आधी पाणी मारलं तर फेस पातळ होऊन लवकर घसरतो. तीनचार मिनिटं थांबायचं, मात्र कडेने सुकू लागला की ताबडतोब धुवायचा. एप्रिलनंतर हे दोन मिनिटांतच होतं. मग वरून खाली पाणी. हात लागतो तो इथून पुढे. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. छतापासून खाली, सरळ रेषेत, दाब न देता. शाम्पू गाडीचाच, पीएच सातच्या आसपासचा. कपड्यांच्या पावडरीतला सोडा मेण उतरवतो आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या करतो.

आता पाण्याचा हिशेब. उघडा पाइप मिनिटाला पंधराएक लिटर पाणी ओततो, त्याने दहा मिनिटांत दीडशे लिटर जातात. लहान प्रेशर वॉशर मिनिटाला पाच-सहा लिटर घेतो, सगळं धुणं साठ-सत्तर लिटरमध्ये आटोपतं. हाताने हवा भरायचा स्प्रेअर आणि दोन बादल्यांनी तिसाच्या आसपास. मे 2024 मध्ये दिल्ली सरकारने पाइपने गाडी धुणाऱ्याला दोन हजार रुपये दंड लावला आणि जल बोर्डाची 200 पथकं रस्त्यावर उतरवली. त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी आणि पाच हजारांचा दंड आला होता. टँकरसमोर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका मी संगम विहारात पाहिल्या आहेत. उन्हाळ्यात पाइप लावणाऱ्याची बाजू मी कधीच घेणार नाही, मग तो माझा गिऱ्हाईक का असेना.

पाणी वाचवायला बरेच जण आरओचं टाकाऊ पाणी साठवून गाडीला वापरतात. भावना चांगली, पण त्या पाण्यात मूळच्याहून जास्त क्षार एकवटलेले असतात. ते सुकलं की काचेवर आणि रंगावर पांढरे डाग राहतात, आणि उन्हात भाजलेले डाग सहजी निघत नाहीत. चाकांना, फरशीला ते खुशाल वापरा. शेवटच्या हातासाठी एसीतून ठिबकणारं पाणी धरा. ते हवेतल्या वाफेचं असल्याने जवळजवळ क्षारविरहित असतं, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट रात्रीत बादली सहज भरते.

धुतलेलं पाणी जातं कुठे, हाही माझ्या विषयाचाच भाग आहे. गुरुग्रामच्या रस्त्यावरचा फेस पावसाळी गटारातून बादशाहपूर नाल्यात, तिथून नजफगढ नाल्यात आणि वझीराबादच्या खाली यमुनेत जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छठपूजेच्या सुमारास कालिंदी कुंजजवळ यमुनेवर जे पांढरे ढीग तरंगतात, ते शुद्ध न केलेल्या सांडपाण्यातल्या साबण-डिटर्जंटचे आणि फॉस्फेटचे. ओखला बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तेव्हा लान्समधल्या जाळीत होतं तसंच ते हवेशी घुसळलं जातं. गाड्यांच्या शाम्पूचा त्यातला वाटा घराघरांतल्या धुण्याच्या मानाने किरकोळ आहे. तरीही जैवविघटनशील शाम्पू, बाटलीला तीसचाळीस मिलीलिटरच, आणि उरलेली बादली रस्त्यावर न ओतता घरच्या मोरीत, हे मी धरून बसतो. गाडीच्या चमकेसाठी नदीला जास्तीचा फेस देणं मला पटत नाही.

आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे चाचा पूर्णियाचे. एक बादली, एक फडकं आणि सात वाजायच्या आत वीसएक गाड्या. कोरडं पुसलं तर पाच मिनिटांत गाडी होते, ओलं केलं तर महिन्याचे पैसे तेवढेच आणि वेळ दुप्पट, असं त्यांचं सरळ गणित आहे, आणि ते बरोबर आहे. म्हणून दोष त्यांना देऊ नका, ठराव बदला. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा फेस मारून धुणं आणि पैसे तेवढेच. फोम स्प्रेअर आणि तीनचार मायक्रोफायबरचे हातमोजे मालकांनी वर्गणीतून घ्यावेत. आमच्याकडे काही घरांनी हे केलं. पत्नीच्या आग्रहाने आम्ही चाचांना रबरी हातमोजेही दिले, कारण हिवाळ्यात त्यांच्या बोटांना भेगा पडतात.

दिवाळीतल्या सकाळची गोष्ट मात्र वेगळी. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी इथे गाडीवर करडा लेप असतो. फटाक्यांची राख, कोळशाचे आणि धातूंचे कण, पोटॅशियमचे आणि गंधकाचे क्षार, आणि या सगळ्याला पहाटेच्या दवाने आलेला चिकटपणा. त्याला फडकं लावू नका. आधी फेस, मग पाणी, पुन्हा एकदा फेस, आणि मगच हातमोजा. वायपर चालवण्याआधी पुढची काच धुऊन घ्या, नाहीतर वायपरच्या कमानीत कायमची रेघ उमटते. आदल्या रात्री गाडीवर कव्हर घालायचा मोह होतो, तो टाळा. धुळकट गाडीवर कव्हर वाऱ्याने घासत राहतं, आणि फटाक्याच्या ठिणगीने पेट घेतं. शक्य असेल तर गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये न्या, नाहीतर उघडीच राहू द्या.