भोकरदन, अंबड, कडवंची: द्राक्ष आणि गाण्याची वाट

इटलीतल्या व्हेरोना शहरात १० ऑगस्ट १९१३ रोजी रोमन काळातल्या दगडी रंगमंडलात 'आयदा' हा ऑपेरा झाला. निमित्त होतं संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीचं. पुढे तिथे दर उन्हाळ्यात ऑपेराचा उत्सव भरू लागला. संध्याकाळी गाणं ऐकायचं आणि दिवसा शेजारच्या व्हाल्पोलिचेल्लाच्या मळ्यांत फिरून वाइन चाखायची, ही वाटाड्यासह तीन-चार दिवसांची सहल आता तिथे चांगलीच रुळली आहे. आपल्याकडे असं काही म्हटलं की नाशिकचं नाव निघतं, आणि ते साहजिकच आहे. पण गाणं आणि द्राक्ष यांची अशी छोटी सहल जालना जिल्ह्यात बांधावी, असं माझं म्हणणं आहे. इथे ती कुणाची नक्कल ठरणार नाही, कारण या दोन गोष्टींचा इथला धागा व्हेरोनाच्या उत्सवाहून कितीतरी जुना आहे.

सहलीची सुरुवात भोकरदनपासून करावी. केळणा नदीकाठचं हे तालुक्याचं गाव म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या नगराचं नाव येतं. पैठणहून उत्तरेकडे जाणारा व्यापारी मार्ग इथून जात असे. १९७० च्या दशकात इथे झालेल्या उत्खननात एक छोटी हस्तिदंती मूर्ती मिळाली. मधोमध स्त्री, दोन्ही बाजूंना सेविका, आणि वरचा भाग तुटलेला. तिची जवळची बहीण म्हणावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली होती. हातभर बांगड्या, पायांत जाड वाळे, दोन्ही अंगांना हातात प्रसाधनाची भांडी घेतलेल्या मुली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती भोकरदनच्या परिसरात घडली असावी, असं काही अभ्यासकांनी मांडलं. तिच्यावर खरोष्ठी अक्षर आहे, म्हणून ती वायव्येकडची, असा त्यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. पण मूर्ती कुठेही घडलेली असो, एकाच घडणीच्या दोन वस्तू केळणाकाठी आणि पाँपेईत मिळाव्यात, एवढ्यावरून या दोन जगांमधली ये-जा सिद्ध होते. त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल गाड्यांनी भडोच बंदरात उतरत असल्याची नोंद आहे. भडोचला बाहेरून काय येई, याच्या यादीत पहिलं नाव वाइनचं आहे, त्यातही इटलीच्या वाइनला पसंती. आणि राजासाठी येणाऱ्या मौल्यवान वस्तूंमध्ये उत्तम वाइनबरोबर गाणारी मुलंही आहेत. माणसांची अशी आयात म्हणजे गुलामगिरीच होती. वाटाड्याने ते न झाकता सांगावं. पण समुद्रापारचं मद्य आणि गाणं दोन हजार वर्षांपूर्वी या भागाशी व्यापार करणाऱ्या बंदरात एकत्र उतरत होतं, हेही तितकंच खरं.

ऑपेरा इथे कुठून आणायचा, असा प्रश्न येईल. आणायची गरज नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून मराठीला स्वतःचं गाणारं नाटक आहे. व्हेरोनात 'आयदा' झाला त्याच १९१३ सालात गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. फरक एवढाच की तिथे गाणं एका वास्तूला चिकटून राहिलं, म्हणून तिच्याभोवती हॉटेलं, तिकिटं आणि सहली उभ्या राहिल्या. आपल्या मंडळ्या मात्र बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरल्या आणि मंडळी मोडली की मागे जागा उरली नाही. गाणं एका जागी टिकण्याच्या बाबतीत अंबड याला अपवाद ठरतं. मत्स्योदरी देवीच्या या गावात दत्तजयंतीला शास्त्रीय संगीताचा उत्सव होतो. गोविंदराव जळगावकरांच्या नावाशी जोडलेला हा उत्सव पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तो गावानेच आपला मानला म्हणून. गायकाला इथे श्रोता शोधावा लागत नाही, हे अनेक मोठ्या शहरांना सांगता येणार नाही.

राहिलं द्राक्ष. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली कामं झाली. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांनी ती गावाच्या गळी उतरवली. माथ्यावर चर, खाली बांधबंदिस्ती, मग नाल्यावर बांध; पाणी अडलं, विहिरी भरल्या, आणि पुढे शेततळी व द्राक्षबागा आल्या. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा कडवंचीच्या वेली तगल्या. दुष्काळी जिल्ह्यात द्राक्ष हवंच कशाला, हा आक्षेप मात्र उडवून लावू नये. विहिरीचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात साठवणं म्हणजे सगळ्यांच्या भूजलाची खासगी टाकी करणं, हे अनेक ठिकाणी घडलं आहे. म्हणूनच पाहुण्याला बाग दाखवण्याआधी माथ्यावरचे चर दाखवायला हवेत. बागेची मुळं तिथे आहेत.

कडवंचीत वाइन होत नाही, हा सर्वांत सरळ आक्षेप. इथली द्राक्षं खायची. ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग घडांची विरळणी, जिबरेलिक आम्लाच्या (जीए) द्रावणात बुडवणं, सगळी धडपड मणी लांब, टपोरा आणि पातळ सालीचा व्हावा म्हणून. वाइनच्या द्राक्षाला नेमकं उलटं लागतं: बारीक मणी, जाड साल, बिया. राज्याने २००१ मध्ये वाइन उद्योगासाठी धोरण आणलं, कारखाने मुख्यतः नाशिककडे उभे राहिले, आणि ते इथे ओढून आणावेत असं मला वाटत नाही. दत्तजयंतीच्या गाण्याशेजारी प्याला ठेवणं गावाला रुचणारही नाही, आणि गावाचं ते म्हणणं रास्तच आहे. पण चाखणं म्हणजे बाटलीच असं कुठे आहे? एकाच वेलीवरच्या वरच्या आणि खालच्या मण्याची गोडी वेगळी लागते, दोन शेजारच्या बागांची वेगळी. शेतकरी जिभेवर मणी ठेवून तोड कधी घ्यायची ते सांगतो. ती पारख कोणत्याही वाइनच्या जाणकाराहून कमी नाही.

खरी अडचण पंचांगाची आहे. दत्तजयंती डिसेंबरच्या आसपास येते, तेव्हा मणी हिरवे आणि आंबट असतात. तोड सुरू होते ती जानेवारीनंतर. म्हणून सहल फेब्रुवारीत ठेवावी: सकाळी भोकरदन, दुपारी कडवंची, आणि रात्री अंबडला खास या पाहुण्यांसाठी जाहीर बैठक, ख्यालानंतर दोन-तीन नाट्यपदं, गावकऱ्यांना प्रवेश मोफत. कलावंतांची बिदागी आणि बागवाल्याचा मोबदला सहलीच्या शुल्कातच धरावा, आणि तो आगाऊ द्यावा.