बी फॉर बॅट

कॉन्व्हेंटमध्ये 'बी फॉर बॅट' शिकले तेव्हा पुस्तकात क्रिकेटची बॅट होती. उडणारी बॅट भेटली ती थेट बॅटमॅनमध्ये. आमच्या आजीचं मात्र साधं 'वाघूळ', आणि ते घरात शिरलं की अपशकुन!

जालन्याचं म्हणाल तर स्टील, बियाणं आणि मोसंबी. पण भोकरदनला केळणा नदीकाठी जुनी लेणीही आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आमचा ग्रुप तिथे गेला. आत अंधार, उग्र वास, छताला लटकलेली वटवाघळं. एकाने मोबाईलचा टॉर्च मारला, दुसरा जोरात ओरडला, आणि बिचारी भर दुपारी फडफडत बाहेर. व्हिडिओ म्हणे एकदम झकास आला. मला काही ते पटलं नाही. होस्टेलवर आल्यावर वाचत बसले आणि पोचले थेट बेळगाव जिल्ह्यात.

तिथे खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. 'रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ' 1912 साली तिथे सापडलं. 1913 मध्ये ऑल्डफिल्ड थॉमस यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. मोठाले कान, आणि शेपूट पडद्याच्या बाहेर आलेलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं ही जात जगात फक्त याच एका ठिकाणची म्हणून माहीत होती! पुढे मेघालयातल्या गुहांत आणि कंबोडियात ती सापडली. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झालं आणि बारापेडेला संरक्षण मिळालं.

कायद्याची गंमत बघा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात रॉटनचं वटवाघूळ वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत गेलं आणि फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर 'उपद्रवी' ठरली. ती उपद्रवींची यादी 2022 च्या दुरुस्तीत रद्द झाली. आजीच्या यादीतून ती कधी रद्द होणार, देव जाणे.

बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. पिल्लं असताना कुणी गुहेत धिंगाणा घातला, तर एका दुपारीच पूर्ण सीझन वाया. परदेशात यावर उपाय म्हणून काही गुहांच्या तोंडाशी आडव्या गजांचं गेट बसवतात. माणूस अडतो, वटवाघूळ सुळकन आत. पण वेगाने उडणाऱ्या जातींना ते नेहमी मानवत नाही, म्हणजे डिझाईन जातीनुसार बदलायला हवं. मेकॅनिकलवाले, मिनी प्रोजेक्टला विषय शोधताय ना? गज आमच्या जालन्यातच मिळतील!